डावीकडचा आवाज

वैजयंती आंबेरकर आमच्या क्लासला आल्या तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना शिकवणारा मी सव्वीसचा. १९९९ सालचा जानेवारी महिना होता. वाशीला सेक्टर सतरामध्ये एका बँकेच्या डोक्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. टायपिंग शिकायला बऱ्यापैकी गर्दी असे. मालकांनी नुकताच व्हिडिओ एडिटिंगचा नवा कोर्स काढला होता आणि तो माझ्या गळ्यात घातला होता. मला स्वतःला ते काम येऊ लागून वर्षही झालं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने त्यांना विचारलं, "मुलाची ॲडमिशन का?"

"माझी," त्या म्हणाल्या.

फिकट रंगाची सुती साडी, हातात एकेकच काचेची बांगडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक व्हिडिओ कॅसेट होती, पण ती त्यांनी पुढचे दोन महिने बाहेर काढली नाही. वर्गातली बाकीची सात मुलं कॉलेजातली. ती त्यांना काकू म्हणू लागली, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या मात्र मला 'अभिराम सर' म्हणायच्या. मी दोनदा नको म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "शिकवताय ना? मग सर."

माऊस धरायला त्यांना आठवडा लागला. हात ताठ व्हायचा, बाण पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात जायचा. पण चित्र कुठे तोडायचं हे त्यांना मुलांपेक्षा लवकर कळायचं. कुणी मान वळवली की तिथे तोडा, कुणी हसायला लागलं की हसू संपेपर्यंत थांबा. हे मी शिकवलेलं नव्हतं. एकदा चहाच्या सुट्टीत विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांचे यजमान मधुकर आंबेरकर लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं करायचे. मूळचे मालवणकडचे. आधी पावण्याच्या एका कारखान्यात कामाला होते. तो बंद पडला तेव्हा त्यांनी कॅमेरा घेतला. जुईनगरच्या दोन खोल्यांच्या घरात आतली खोली मिक्सिंगसाठी होती. दोन व्हीसीआर, एक मिक्सर, एक टीव्ही. शूटिंगच्या कॅसेटवरून निवडक भाग दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची, असं ते काम. वैजयंतीकाकू लेबलं लिहायच्या, नवरानवरीची नावं नीट आहेत का बघायच्या, आणि शेजारी बसून "इथे कापा, तो माणूस जांभई देतोय" असं सांगायच्या. दहा वर्षं. बटणाला त्यांनी कधी हात लावला नाही.

फेब्रुवारी अठ्ठ्याण्णवमध्ये मधुकरराव पावणे गावातल्या एका लग्नाचं शूटिंग करून आले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले. हार्ट. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगी वैदेही त्या वर्षी बारावीला होती.

"त्यांनी आधी काहीच सांगितलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "एक दिवस आधी जेवणावर जरा चिडले होते. मीठ कमी म्हणून. बस, एवढंच."

त्यानंतर आठ-नऊ महिने ती खोली बंद होती. दिवाळी झाल्यावर एके दुपारी पावण्याहून गोटीराम आले. मधुकररावांनी केलेलं ते शेवटचं शूटिंग त्यांच्याच मुलीच्या, मनस्वीच्या, लग्नाचं होतं. गोटीराम जुने आगरी शेतकरी. शेतं कारखान्यांत गेली, आता चाळी भाड्याने दिलेल्या. मोठा धिप्पाड माणूस, पण दारात चप्पल काढून खाली मान घालून उभा राहिला.

"वयनी, कॅसेट मागाया आलो नसतो," ते म्हणाले. "पन आयचा आवाज गेला. गल्यात गाठ निंगाली. परळला आपरेशन केलं, त्यात आवाजाची पेटीच काडून टाकली. आता ती बोलनार नाय. मनस्वीचे लग्नान तिनी सगले धवले गायले होते. मधुकरशेटनी तिला मायक लावलेला. त्यात तिचा आवाज आसंल ना?"

गोटीरामांची आई पुतळाबाई पंचक्रोशीतली धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो गाणारी ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. पुतळाबाई चाळीस वर्षं हे करत होत्या. कुठे लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ.

काकूंनी खोली उघडली. लेबल न लावलेली कॅसेट सापडली. गोटीरामांना खुर्ची दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः व्हीसीआर लावला.

चित्र आलं. मांडव, हळद, पाटावर मनस्वी, शेजारी पुतळाबाई. त्यांच्या पदराला बारीक काळा माईक टोचलेला स्पष्ट दिसत होता. ओठ हलत होते. आवाज मात्र बेंजो पार्टीचा, बायकांच्या गलबल्याचा, आणि त्या सगळ्याहून जवळचा असा मधुकररावांचा. "ताई, जरा बाजूला. बाळा, लाईट वर धर. अजून वर."

काकूंनी कॅसेट थांबवली.

"नऊ महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला मी," त्यांनी मला सांगितलं. "आणि समोर परका माणूस बसलेला. मी म्हटलं, आवाज आलेला नाही हो यात. ते उठले आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही."

पण माईकचं कोडं त्यांच्या डोक्यातून जाईना. माईक लावलेला दिसतोय. मधुकरराव पक्के माणूस, लावला तर बघून लावलेला असणार. मग त्या माईकमधला आवाज गेला कुठे? ओळखीच्या एका फोटोग्राफरला विचारलं तर तो म्हणाला, "वायर तुटली असेल, सोडा." तेवढ्यात वाशीच्या बाजारात आमच्या क्लासचा बोर्ड त्यांना दिसला.

मार्चमध्ये मी आवाजाचा धडा घेतला. तो धडा म्हणजे माझ्या वहीत अर्धं पान होतं. चित्राखाली आवाजाची पट्टी असते, त्या पट्टीत दोन लाटा दिसतात, वरची डाव्या चॅनलची, खालची उजव्याची. दोन स्पीकरमधून दोन वेगळे आवाज यावेत म्हणून ही सोय. कमीजास्त करायचं असेल तर ही रेघ ओढा. पुढचा धडा, नावं आणि अक्षरं.

काकूंनी हात वर केला. "सर, दोन्ही लाटा नेहमी सारख्याच असतात का?"

"बहुतेक वेळा."

"आणि नसल्या तर? समजा एका लाटेत एका माईकचा आवाज आणि दुसरीत दुसऱ्याचा, असं असेल तर?"

"असू शकतं. प्रत्येकीचा आवाज वेगळा वाढवता येतो, बंद करता येतो."

"आणि टीव्हीला एकच वायर लावली असेल तर?"

मी थांबलो. "व्हीसीआरला मागे दोन भोकं असतात," मी म्हणालो, "पांढरं आणि लाल. तुम्ही फक्त पांढरं लावलं असेल तर डावाच आवाज ऐकू येणार. उजवा कॅसेटवर असूनही ऐकू येणार नाही."

त्यांनी पिशवीतून कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

मुलं गेल्यावर आम्ही ती कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायला घेतली. त्या काळी मशीनमध्ये जागाच इतकी कमी की एका वेळी जेमतेम पंधरा मिनिटं उतरायची. हळदीचा भाग निवडला. काम झालं, पट्टी उघडली, आणि मला ते बघताक्षणी कळलं. वरची लाट जाड, काळी, वरपासून खालपर्यंत भरलेली. खालची बारीक. मधूनमधून उठणारी आणि पुन्हा शांत होणारी, माणूस श्वास घेतो तशी.

मी वरची बंद केली. खालची दोन्ही कानांत सोडली आणि हेडफोन काकूंना दिला.

त्यांनी तो कानाला लावला. मग हेडफोनचा एक कान त्यांनी माझ्याकडे धरला. म्हाताऱ्या बाईचा किंचित घोगरा, पण सुरात पक्का आवाज होता.

*खाडीचे कडेला मांडव घातला*
*वाऱ्याला सांगिला, दमान ये...*

बेंजो दूर कुठे तरी, भिंतीपलीकडे वाजावा तसा. मी वर्षभर या शहरात लग्नाच्या कॅसेट बघत होतो. असं काही त्यांच्यात असतं हे मला माहीत नव्हतं. आम्हीच वर गाणी चढवून ते झाकत होतो.

"त्यांनी मुद्दाम वेगळी वायर ओढली," काकू म्हणाल्या. "एक माईक कॅमेऱ्यावर आणि एक बाईंना. मला बोलले नाहीत कधी."

मग म्हणाल्या, "आता वरचा ऐकू दे."

मी डावं चॅनल चालू केलं आणि उजवं बंद केलं. त्या ऐकत राहिल्या. मी दुसऱ्या मशीनवर कामाला लागलो. थोड्या वेळाने पाहिलं तर त्या पट्टीवर एकाच जागी परत परत माऊस नेत होत्या. तिथे बेंजो थांबला होता, लाट खाली बसली होती आणि तिच्यात एक छोटा उंचवटा होता.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी ऐकलं. पुतळाबाईंचं गाणं लांबून येत होतं. जवळून, अगदी कॅमेऱ्यापाशी, मधुकररावांचा हळू आवाज: "गोटीरामशेठ, जरा पाणी मिळेल का? छातीत जळजळतंय सकाळपासनं." ते कडवं संपलं आणि बेंजो सुरू. पुढचं सगळं त्यात बुडालेलं.

मी म्हणालो, "काकू, आपण उद्या करू."

"घरी आले तेव्हा मी विचारलं होतं, दमलात का," त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "म्हणाले, नाही. गोटीरामशेठना सांगितलं. परक्या माणसाला सांगितलं." मग वळून त्यांनी विचारलं, "सर, हा आवाज काढायचा म्हणजे पुसायचा का?"

"नाही. फक्त बंद करायचा. कॅसेटवरही राहतो, इथेही राहतो. पाहिजे तेव्हा परत चालू करता येतो."

"मग बंद करते," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे त्या रोज अकराला यायच्या. तंत्र मी एकदा सांगितलं, बाकी सगळं त्यांनी केलं. उजवं चॅनल घ्यायचं, डावं बंद करायचं, उजव्याचा आवाज दोन्हीकडे भरायचा म्हणजे एकाच कानात ऐकू येत नाही. बेंजोमुळे सगळा आवाजच मोठा झालाय तिथे रेघ हळूहळू खाली आणायची, एकदम आणली तर कानाला धक्का बसतो. मुलं यायची, शेजारी बसायची, हसायची, भांडायची. त्या खालच्या बारीक लाटेकडे बघत असायच्या.

एक अडचण आली. हळदीच्या धवल्याचं चौथं कडवं चालू असताना बायका मनस्वीला हळद लावायला पुतळाबाईंच्या अंगावरून वाकत होत्या. पदर हलला, माईकवर घासला, आणि उजव्या चॅनलमध्ये नुसती खरखर. शब्द ऐकूच येत नव्हते. डाव्या चॅनलमध्ये ते कडवं होतं, लांबून, पण शब्द कळत होते. त्याच कडव्यावर मधुकररावांचं पाणी मागणंही होतं.

"तेवढं एक कडवं जाऊ दे," काकू म्हणाल्या. "तिसऱ्यावरून पाचव्यावर जोडते. कुणाला कळणार आहे?"

मीही म्हटलं, हो. जोड इतकी सफाईदार बसली की मला स्वतःला ती सापडेना. कॅसेट तयार झाली. एप्रिलात एका रविवारी त्या एकट्याच ती पावण्याला देऊन आल्या.

सोमवारी क्लासला आल्या त्या खुर्चीवर बसून राहिल्या. मशीन चालू केलं नाही.

"आवडली नाही का?" मी विचारलं.

"रडले सगळे. गोटीरामांची बायको माझ्या पाया पडायला निघाली. म्हातारी मात्र रडली नाही. नीट मांडी घालून बसली होती, ओठ हलवत होती गाण्याबरोबर. तिसरं कडवं संपलं आणि ती थांबली. टीव्हीकडे हात केला. मग माझ्याकडे बघून पाच बोटं दाखवली, त्यातलं एक मिटलं." काकूंनी स्वतःचा हात वर करून मला तसंच करून दाखवलं. "गोटीराम म्हणाले, 'आय बोलते एक कडवा राहिला.' मी म्हटलं, कॅसेट खराब आहे तिथे. म्हातारीने नाही अशी मान हलवली. म्हणजे तिला माझं खोटं कळलं असं नाही. तिचं म्हणणं, एक कडवं राहिलं तर हळद लागत नाही. गोटीरामांनी मला समजावून सांगितलं. त्या कडव्यात मुलीच्या आजोळचं नाव घेतात. ते नसलं तर ती मुलगी बिनआजोळाची होते."

"मग?"

"मग काय. ते कडवं आहे. मला माहीत आहे कुठे आहे ते."

मी सुचवलं की पाणी मागण्याचे शब्द आहेत तेवढ्या तीन सेकंदांचा आवाज खाली करू. त्या म्हणाल्या, "बघितलं मी. आजोळचं नाव नेमकं त्यांच्या बोलण्याखाली आहे. त्यांना गप्प केलं की म्हातारीही गप्प होते. एकाच लाटेत आहेत दोघं. वेगळं नाही करता येत."

त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. बुधवारी आल्या, मशीनपुढे बसल्या आणि तिसऱ्या कडव्यानंतरची जोड उसवली. चौथ्या कडव्यासाठी उजवं बंद केलं आणि डावं उघडलं. बाहेरचा आवाज एकदम आत यावा तसं होत होतं, म्हणून जरा आधीपासून डाव्याची रेघ थोडीथोडी वर आणली आणि कडवं संपताना तशीच खाली नेली. हे मी शिकवलं नव्हतं. दीड तासात झालं.

"सर, रविवारी याल का बरोबर?" त्यांनी विचारलं. "मला एकटीला नाही बसवणार."

गोटीरामांचं घर पावण्याच्या जुन्या गावठाणात, तीन बाजूंनी कारखाने. वर नवी गच्ची, खाली जुनी पडवी. पुतळाबाई पडवीत पाटावर बसल्या होत्या. गळ्याला पांढरा रुमाल, त्याआड ऑपरेशनची नळी. आम्हाला बघून त्यांनी हात जोडले. गोटीराम, त्यांची बायको, मुलगा मिथुन आणि कामोठ्याहून आलेली पुतळाबाईंची भाची राजाबाई, सगळे टीव्हीपुढे बसले. राजाबाई पन्नाशीची, मावशीच्या मागे बसून लहानपणापासून थोडंफार शिकलेली.

कॅसेट लागली. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मग आवाज जरा लांब गेला आणि बायकांचा गलबला आला. पुतळाबाईंचं चौथं कडवं सुरू झालं. आणि त्यावर, स्पष्ट, "गोटीरामशेठ, जरा पाणी मिळेल का? छातीत जळजळतंय सकाळपासनं."

पाचवं कडवं उजव्या चॅनलवर स्वच्छ वाजत राहिलं, पण गोटीरामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते उठले, टीव्हीजवळ गेले आणि परत आले. काकूंसमोर खाली बसले.

"वयनी, तुमी ऐकलेला ह्या?"

"मार्चमध्येच."

"मग मागचे वेलेला काय बोलला नाय?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही पाणी दिलंत का त्यांना?"

"पानी दिला. सोडा दिला. मी बोललो, शेट, दाक्तरकडं चला, माजी गाडी हाय. ते बोलले, आय गातेय, आता जागा सोडली तर परत भेटनार नाय. हलद झाली का जाऊ. हलद झाली आनि मी पाव्हन्यांत अडकलो. इसरलो. संध्याकालचे ते सामान बांधून गेले. तीन दिसांनी समजला. मी तुमचे दारात येनार कसा? नऊ महिने कॅसेट मागाया नाय आलो, ती त्याचेपायी. मी हात धरून नेला आसता तर..."

काकू म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत तरी. चला म्हणालात तरी. मला वाटत होतं, तुम्ही ऐकलंच नसेल बेंजोत. किंवा ऐकून सोडून दिलं असेल. महिनाभर मी तेच घेऊन बसले होते." मग म्हणाल्या, "आणि त्यांनी मला का सांगितलं नाही, ते मला आता कधीच कळणार नाही. तो तुमचा दोष नाही."

पुतळाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या पाटावरून उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. भांड्यात पाणी ओतलं आणि काकूंपुढे धरलं. काकूंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि सगळं प्यायल्या.

येताना आम्ही तुर्भ्यापर्यंत रिक्षाने आलो. काकूंनी मला एकच गोष्ट विचारली. बाकीच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घालायला किती दिवस लागतील.

घरात मधुकररावांनी ठेवलेल्या शूटिंगच्या मूळ कॅसेट शंभराच्या वर होत्या. एरवी लोक त्या पुसून परत वापरतात. मधुकरराव ठेवायचे आणि काकू जागेवरून कुरकुरायच्या. त्यांतल्या आगऱ्यांच्या लग्नांच्या एकतीस निघाल्या. सगळ्याच कॅसेटच्या उजव्या चॅनलमध्ये धवलारीण नव्हती. काहींत माईक भटजींना होता, काहींत नवऱ्या मुलीच्या वडिलांना, चारांत बंदच पडला होता. पण अकरा कॅसेटमध्ये पुतळाबाई होत्या. काकूंनी त्या अकरातून फक्त आवाज काढून तीन ऑडिओ कॅसेट केल्या. एकेका धवल्याची तीन-तीन रूपं होती. गावागणिक नावं बदलायची, कडवी मागेपुढे व्हायची. कुठलं घ्यायचं हे त्या पुतळाबाईंना विचारायला जायच्या. पुतळाबाई बोटांनी सांगायच्या. राजाबाई दर गुरुवारी कामोठ्याहून यायची आणि त्या कॅसेट लावून, मावशीसमोर बसून पाठ करायची.

हे नीट आणि पटकन झालं असं नाही. राजाबाईला सात धवले आले, बाकीचे बसले नाहीत. दोन ठिकाणी शब्द काय आहे हे कुणालाच कळलं नाही आणि पुतळाबाईंना सांगता आलं नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते दोन शब्द तसेच राहिले. काकूंनी जुईनगरच्या घरात एक कॉम्प्युटर घेतला आणि शूटिंगची कामं सुरू केली. वैदेही कॉलेज सांभाळून हिशेबाची वही आणि फोन बघायची. "गाण्याशिवायची एक वेगळी कॅसेट देऊ का, घरातल्या माणसांच्या आवाजाची?" असं त्या प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारायच्या. बहुतेक जण म्हणायचे, कशाला? दहातले दोन-तीन हो म्हणायचे.

त्याच डिसेंबरमध्ये मिथुनचं लग्न ठरलं. गोटीरामांनी शूटिंगला काकूंनाच बोलावलं. मीही गेलो होतो, पाहुणा म्हणून.

हळदीच्या मांडवात सवाष्णींचं काम. काकू कॅमेरा खांद्यावर घेऊन दाराशी थांबल्या. आतल्या दोन-तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "ताई, भायरूनच काडा ना फोटो. इकडनं दिसतं सगला." काकू म्हणाल्या, "बरं." आणि मागे सरकल्या.

पुतळाबाईंनी हे पाहिलं. त्या स्वतः वीस वर्षं विधवा होत्या आणि त्या वीस वर्षांत शेकडो मांडवांत पाटाशेजारी बसून गायल्या होत्या. त्या उठल्या. बायकांमधून वाट काढत दाराशी आल्या, काकूंचं मनगट धरलं आणि त्यांना आत नेऊन पाटाच्या अगदी जवळ उभं केलं. मघाची ती बाईच जरा सरकून जागा करू लागली.

काकूंनी कॅमेरा स्टँडवर बसवला. राजाबाईच्या पदराला माईक टोचला, पदर हलला तरी घासू नये म्हणून जरा वर, खांद्यापाशी. वायर पाटाखालून ओढून घेतली. हेडफोन कानाला लावून आधी एक बाजू ऐकली, मग दुसरी.

"बोला काहीतरी," त्या राजाबाईला म्हणाल्या.

"काय बोलू?" राजाबाई म्हणाली.

"झालं. आलं."

राजाबाईने मावशीकडे पाहिलं, पुतळाबाईंनी मान डोलावली आणि गाणं सुरू झालं.

त्या कॅसेटचं एडिटिंग काकूंनी घरी केलं. काही विचारायला मला एकदाही फोन आला नाही.